गावठाणाच्या रेघेबाहेर

"काय रे, लगीनले चालना का? काढ तो सदरा. गरीबना फोटू काढना शे, नवरदेवना नही."

हे माझ्या बापाला उद्देशून होतं. बोलणारे नाना. नाना म्हणजे आमच्या सरपंचबाईंचे यजमान. सरपंचबाई निवडून आल्या त्या दिवशी गुलालात एकदा दिसल्या. त्यानंतर गावात त्यांची फक्त सही फिरायची, आणि तीही नानांच्या अक्षरात.

बापाने इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. एरंडोलच्या लग्नात मामाने आहेर केलेला. घरकुलाच्या सर्व्हेला साहेब येणार, फोटो काढणार, एवढंच त्याला कळलं होतं. आमच्याकडे फोटो लग्नात काढतात, नाहीतर माणूस मेल्यावर लावायला शोधतात. तिसऱ्या कारणासाठीही काढतात हे त्याला ठाऊक नव्हतं. मायलाही नव्हतं. तिने आदल्या दिवशी घर सारवलं, दाराच्या दोन्ही बाजूंना चुना ओढला. साऱ्या वस्तीने हेच केलं. सडे घातले, रांगोळ्या काढल्या. सरकार आमची गरिबी मोजायला येत होतं आणि आम्ही पाहुणे येणार म्हणून नटून बसलो होतो.

बापाने सदऱ्याच्या गुंड्या काढल्या. खालून वर काढत गेला, म्हणजे जरा वेळ लागावा. आतलं बनियन पाठीवर फाटलेलं होतं. नानांनी मोटरसायकलवर बसल्याबसल्या मान वाकडी करून पाहिलं.

"हां. आते बरोबर."

सर्व्हेवाला तरुण होता. पाठीला सॅक, हातात मोबाईल. त्याने बापाच्या हातात शाळेतली पाटी दिली. तिच्यावर खडूने बापाचं नाव आणि एक लांबलचक नंबर.

"छातीशी धरा. नाव दिसलं पाहिजे. मान वर. डोळे उघडे ठेवा."

मग त्याच्या मोबाईलमध्ये लोकेशन येईना. "तसेच उभे राहा," तो म्हणाला. बाप तसाच उभा राहिला. चैत्रातलं ऊन. डोक्यावरच्या उपग्रहाला आमचं घर सापडत नव्हतं. त्याला दोष देता येणार नाही, आमचं घर तालुक्याच्या नकाशालाही कधी सापडलेलं नाही. बापाच्या बरगड्यांवरून घाम पाटीवर उतरला, खडू ओला झाला. सर्व्हेवाला येऊन नाव पुन्हा गिरवून गेला. बाप हलला नाही.

मी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. एकोणीस वर्षांची. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. साहेबाने तांब्याकडे पाहिलं, सॅकमधून स्वतःची बाटली काढली आणि प्याला. नंतर, वाया जायला नको म्हणून असेल, माझ्या तांब्यातल्या पाण्याने हातावरचा खडू धुतला.

मी पाणी ओतलं. आज लिहिताना सगळ्यात जास्त लाज वाटते ती याची. मी वाकून, नीट, धार धरून पाणी ओतलं.

---

आमचं गाव सातपुड्याखाली, केळीच्या पट्ट्यात. कुठल्याही रस्त्याने गावात या, दोन्ही बाजूंना केळी. केळीला ठिबकने पाणी मिळतं, खत मिळतं, थंडीत बागेभोवती हिरवी जाळी मिळते. गावात आमच्या वस्तीला जे नाव आहे ते इथे लिहीत नाही. वाचणाऱ्याला एव्हाना कळलं असेल.

गावाला एक रेघ असते. गावठाणाची. रेघेच्या आत घर बांधलं तर ते घर, बाहेर बांधलं तर अतिक्रमण. आमच्या गावाची रेघ कुठल्यातरी जुन्या मोजणीत मारलेली आहे. तेव्हापासून माणसं वाढली, पोरांना पोरं झाली. रेघ होती तिथेच राहिली. ती सरकवायची सोय कायद्यात आहे. गावठाण विस्तार म्हणतात. पण विस्तार होणार तो आजूबाजूच्या जमिनीत, आणि आजूबाजूला सगळी केळी. पूर्वेला जिथे सोय होती, तिथे नानांचीच बाग. मग गाव वाढणार कुठे? आत जागा नाही आणि बाहेर परवानगी नाही. माझा आजा नाल्याकडेच्या गायरानात येऊन बसला, त्याच्यामागे आणखी बसले. झाली वीस घरं. ग्रामपंचायत आमच्याकडून घरपट्टी घेते आणि पावतीमागच्या रजिस्टरात आमच्या नावापुढे 'अतिक्रमण' लिहिते. घेताना आम्ही गावचे असतो.

कॉलेजातल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात निवारा ही मूलभूत गरज असल्याचं छापलं होतं. परीक्षेत तो प्रश्न दोन मार्कांना यायचा. मला दोन्ही मिळाले होते.

---

फोटो काढून झाल्यावर सर्व्हेवाल्याने घराला चक्कर मारली आणि पश्चिमेच्या अंगाला थबकला.

तिकडे विटांची भिंत होती.

घराची बाकी तीन अंगं कुडाची, तुराट्या आणि माती. पण पाऊस पश्चिमेकडून यायचा आणि दर वर्षी कूड वाहून न्यायचा. माझे आईबाप हिवाळ्यात वीटभट्टीवर जायचे. भट्टीत जास्त भाजून काळ्या, वाकड्या झालेल्या विटा मालक टाकून द्यायचा. बाप परत येताना रोज सायकलला दोन-चार बांधून आणायचा. ती भिंत मी सहावीत असताना सुरू झाली आणि दहावी झाले तेव्हा संपली. वाकड्या विटांची सरळ भिंत. बाप गवंडी नव्हता. तरी ओळंबा लावून पाहिली असती तर केसभर हलली नसती. घराचं आढं तिच्यावरच टेकवलेलं होतं.

"भिंत पक्की आहे," सर्व्हेवाला नानांना म्हणाला. "ॲपमध्ये बसत नाही हे घर."

"मग काय करायचं साहेब?"

"मी काय सांगू? मला दिसलं ते भरावं लागेल. परवा येतो परत राहिलेल्या घरांना."

नानांना कळलं. त्यांनी मोटरसायकलला किक मारली आणि बापाकडे न पाहता म्हणाले, "पाडी टाक ती भीत. एक पाडशी तं सरकार चार देई. परवा परत फोटू काढूत."

त्यांनी हे शेजारच्या सुमनअक्कासमोर, माझ्यासमोर, अख्ख्या गल्लीसमोर सांगितलं. नीट लक्षात ठेवा. पुढे याचीच गरज पडणार आहे.

माय म्हणाली, "पाऊसना आंगनी भीत शे ती. पाऊस उना तं काय करसूत?"

"तवलोंग घर व्हई जाई," बाप म्हणाला. "पक्कं घर."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने भट्टीवरून घण मागून आणला. आधी आढ्याखाली लिंबाचा खांब उभा केला. मायने भिंतीवरच्या खुंट्या काढल्या, आरसा काढला, माझं दहावीचं सर्टिफिकेट काढलं. मग बाप भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. बराच वेळ. मला वाटलं, नाही पाडणार.

पहिला घाव बसला तेव्हा भिंतीला काहीच झालं नाही. दुसऱ्यालाही नाही. त्याने ती चांगली बांधली होती. मग त्याचं टाळकं फिरलं. तो शिव्या देऊ लागला, भिंतीला, विटांना, स्वतःच्या हातांना. मी माझ्या बापाच्या तोंडून तोपर्यंत शिवी ऐकली नव्हती. घण वर जायचा, खाली यायचा, विटेचे तुकडे त्याच्या नडगीवर बसायचे, रक्त निघायचं आणि तो थांबायचा नाही. पाण्याचा तांब्या घेऊन मी पुढे गेले तर म्हणाला, "सरक आंगे! तुले बी पाडी टाकसु."

दुपारपर्यंत भिंत पडली. चार वर्षं लागली होती.

वस्तीत आम्ही एकटे नव्हतो. कुणी पत्रे उतरवून गवत घातलं, कुणी फरशी उखडली. सुमनअक्काच्या पोराने सुरतेहून आल्यावर दाराबाहेर सिमेंटचा ओटा केला होता, तो तिने पहारीने स्वतः फोडला. दोन दिवसांत आमची वस्ती सरकारच्या अटीत बसेल इतकी गरीब झाली. सर्व्हेवाला आला तेव्हा सुमनअक्का कमरेवर हात ठेवून त्याला म्हणाली, "देखी ले बापू. आते पास व्हयनी का आम्हनी गरिबी?"

तो हसला. चांगला मुलगा होता. त्याने सगळ्यांचे फोटो काढले.

---

यादी आली. बापाचं नाव यादीत. नानांनी पेढे वाटले, स्वतःचे फोटो काढून घेतले. पाटीबिटी न धरता.

मी बापाला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने चष्मा वर करून कागद पाहिला.

"जागेचा उतारा?"

"जागा गायरानात आहे. तीन पिढ्यांपासून."

"म्हणजे जागा नाही."

"घर मंजूर आहे ना पण?"

"घर मंजूर आहे. जागा नाही."

"मग घर कुठे मंजूर आहे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं मी चेष्टा करते. मी खरंच विचारत होते. "बाई," तो म्हणाला, "मंजूर घर आमच्याकडे आहे. जागा तुमच्या ग्रामपंचायतीने द्यायची. गावठाण वाढवून मागा. ठराव आणा."

ग्रामसेवक म्हणाले, ठराव सरपंच मांडतील. सरपंच म्हणजे नाना. नाना म्हणाले, "करूत ना. पाऊस पडी जाऊ दे."

पाऊस पडला.

पोळ्याच्या आदल्या दुपारची गोष्ट. पश्चिमेला आम्ही ताडपत्री बांधली होती. ती आधी फाटली, मग गेलीच. पाणी सरळ खांबाच्या बुडाशी. माय आत पिठाचा डबा उंचावर ठेवत होती. मी दारात होते, म्हणून मला दिसलं. खांब आधी थोडा फिरला, माणूस कूस बदलतो तसा. मग आढं आलं. मग पत्रे.

मायचा आवाज आला नाही. पत्र्यांचाच इतका आला. आम्ही पत्रे ओढले तेव्हा ती आढ्याखाली पालथी होती आणि तिचा उजवा हात कोपरातून उलट्या बाजूला वळलेला होता. हाड बाहेर आलं होतं. पांढरं. पिठावर रक्त पडून त्याचे गोळे झाले होते. बाप मटकन खाली बसला आणि स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागला. दोन्ही हातांनी. सुमनअक्काने त्याच्या कंबरेत लाथ घातली. "मंग मार! आते गाडी देख!"

केळीची गाडी मिळाली. मायला घडांमध्ये निजवून जळगावला नेलं. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. हात राहिला, पण वाळलेल्या फांदीसारखा. बोटं मिटत नाहीत. भट्टीचं काम गेलं, केळीच्या बागेतलंही गेलं.

ती घरी आली, म्हणजे घर होतं त्या ठिकाणी आली, तेव्हा नाना भेटायला आले. सोबत सफरचंदं आणली होती. उभ्याउभ्याच म्हणाले, "भीत पाडाले कोनी सांगं व्हतं तुमले? शिकेल पोर घरमा शे, तिले इचारानं व्हतं."

मी बापाकडे पाहिलं. बाप सफरचंदांकडे पाहत होता.

---

ग्रामसभेचा विषय कळला तो नोटीस बोर्डावर. केळीसाठी पॅकहाऊस. शीतगृहासकट. जागा: नाल्याकडचे गायरान. शेवटी बारीक अक्षरात: सदर जागेवरील अतिक्रमणे निष्कासित करणे.

मी नोटीस दोनदा वाचली. केळीला आधीपासून जाळी होती. आता तिला घरही मिळणार होतं. पक्कं, थंडगार, आमच्या चुलीवर.

सभेला आम्ही सगळे गेलो. ग्रामपंचायतीचा हॉल, भिंतीवर थोर माणसांचे फोटो, त्यांना हार. सरपंचबाईंची खुर्ची रिकामी, तिच्यावर टॉवेल. शेजारच्या खुर्चीत नाना. आम्ही खाली सतरंजीवर. दारातच ग्रामसेवकाने रजिस्टर पुढे केलं. "हजेरी. सही करा आणि बसा." बापाने सही केली, मायने डाव्या हाताचा अंगठा दिला. माझ्या हातात रजिस्टर आलं तेव्हा मी पान नीट पाहिलं.

सह्या पानाच्या खालच्या अर्ध्यात घेतल्या जात होत्या. वरचं अर्धं पान कोरं.

हीच आमच्याकडची पद्धत. ठराव सभेत लिहीत नाहीत, सभा उठल्यावर लिहितात. खाली सह्या आधीच असतात. हजेरीची सही संमतीची होऊन जाते. मायने स्वतःच्या घरावर नांगर फिरवायला अंगठा दिला होता आणि तिला वाटत होतं आपण आलो आहोत एवढंच सांगितलं.

मी सही केली नाही. बसले.

नानांनी केळीचं भाषण केलं. निर्यात, विकास, गावाचं नाव. मी उठले.

"नाना, यादीत आमची वीस नावं आहेत. घरं मंजूर आहेत. जागा द्यायची आहे ती ग्रामपंचायतीने. आधी गावठाण विस्ताराचा विषय घ्या."

"विषयपत्रिकेवर नाही तो."

"मग भिंत पाडायला सांगितली तो विषय कुठल्या पत्रिकेवर होता?"

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. नाना हसले. त्यांना राग येत नाही, हे त्यांचं मोठेपण सगळे सांगतात.

"तुना बापले इचार ना. काय रे, मी सांगं व्हतं का तुले?"

बाप उठला. टोपी हातात घेतली. सगळी सभा त्याच्याकडे वळली. तो मायकडे बघेना, माझ्याकडे बघेना.

"नही नाना," तो म्हणाला. "कोन्ही नही सांगं. मीच पाडी."

खुर्च्यांवरून हसू आलं. माझ्या बापाला अजून वाटत होतं की नाना खूश राहिले तर घर मिळेल. तो घण, त्या शिव्या, मायचं हाड, सगळं गिळून तो त्या आशेच्या पायावर डोकं ठेवत होता. मला त्या क्षणी नानांपेक्षा माझ्या बापाचा गळा धरावासा वाटला. हे लिहायला बरं वाटत नाही. पण वाटलं.

नाना म्हणाले, "पोर शिकेल शे, हुशार शे. हिनं लगीन करी टाक. सासरले घर बांधेलच ऱ्हास."

या वेळी सगळे हसले. सतरंजीवरचेही दोघे.

मी टेबलाकडे गेले. मला वाटतं त्यांना वाटलं मी सही करायला येते. ग्रामसेवकाने पेनसुद्धा माझ्यापुढे केलं. मी रजिस्टर ओढलं आणि सह्यांच्या वरच्या कोऱ्या जागेवर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात रेघ मारली. मग दुसरी. आणि मधे लिहिलं: 'सभेत कोणताही ठराव झालेला नाही.' तारीख घातली. खाली माझी सही.

अर्धं मिनिट कुणाला समजलंच नाही. समजलं तेव्हा नानांच्या पुतण्याने माझे केस धरले.

त्याने माझं तोंड टेबलावर आपटलं. एकदा. पुन्हा. मला दात तुटल्याचा आवाज कानात नाही, डोक्याच्या आत ऐकू आला. मी रजिस्टर पोटाशी धरून खाली बसले. पाठीत लाथ बसली, मग बरगडीत. कुणीतरी माझी बोटं उलटी वाकवत होतं. "सोड! सोड!" मी तोंड उघडलं ते त्याचं मनगट चावायला. चामडी तोंडात आली. रक्त त्याचं होतं की माझं, कळत नव्हतं. पुढे पंचनाम्यात रजिस्टरावरच्या डागांना 'तांबूस डाग' म्हटलेलं आहे. लिहिणाऱ्याने निष्कर्ष काढणं टाळलं.

आणि मग मी मायला पाहिलं. ती सतरंजीवरून उठली, थोर माणसांच्या फोटोंखालून पुढे आली, डाव्या हाताने सरपंचबाईंची रिकामी खुर्ची उचलली आणि पुतण्याच्या डोक्यात घातली. प्लास्टिकची खुर्ची. पाय मोडला तिचा. माय दुसरी उचलायला वळली. मग सुमनअक्का, मग सगळ्या बाया. चपला, ग्लास, टेबलावरची फुलदाणी. नाना मागच्या दाराने गेले. पुतण्याने बायांना बुक्क्या घातल्या, एकीला पोट धरून बसायला लावलं, तरी त्या उठत होत्या.

बाप टोपी हातात घेऊन उभा होता. शेवटपर्यंत उभा होता.

---

गुन्हा आमच्यावर दाखल झाला. सरकारी कामात अडथळा, सरकारी दस्तऐवज विद्रूप करणे. आमची तक्रार घ्यायला दोन दिवस लागले, कारण पोलीस ठाण्याचे साहेब बंदोबस्तात होते. ज्या पानावर मी रेघ मारली ते पान मात्र पुरावा झालं. सीलबंद. ते आता कुणाला भरता येत नाही. माझ्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा हाच त्यांच्या ठरावाचा अडसर आहे. पंचायत समितीच्या विस्तार अधिकाऱ्यांनी सभा रद्द ठरवली. पॅकहाऊस थांबलं.

दोन महिन्यांनी नाना आले. दिवसा, एकटे. या वेळी बसले. आमच्याच बाजेवर, ताडपत्रीखाली. मायच्या हातचा चहा मागितला. आमच्या घरात त्यांनी तोंडाला लावलेली ती पहिली वस्तू. सगळा कप प्यायले.

"पोरी, तुनाकडे डोकं शे," ते म्हणाले. मग शुद्ध बोलायला लागले, म्हणजे कामाची गोष्ट. "गावठाणात माझी एक जागा पडीक आहे. शाळेमागे. तुझ्या बापाच्या नावावर करतो. घरकुल मंजूर आहेच, पुढच्या पावसाआधी उभं राहील. तू फक्त लिहून दे की ठराव झाला होता, रागाच्या भरात, गैरसमजातून रेघ मारली. बाकीच्यांचं बघू पुढे."

"बाकीच्यांचं काय बघणार?"

"ते अतिक्रमण आहे ना गं. कायदा तुला माहीत आहे."

बाप लगेच म्हणाला, "देई ती लिखी. देई नाना."

"नाही," मी म्हणाले.

नाना उठले. कप खाली ठेवला. "बाप समजाडी दी तुले," म्हणाले आणि गेले.

बापाने समजावलं. गाडीचा आवाज संपायच्या आत त्याने माझ्या थोबाडीत दिली. दुरुस्त न झालेल्या दातांच्या बाजूलाच. मी पडले, तर त्याने पाय उचलला. "तुना मायले छप्पर नको का? बोल! नको का छप्पर?" भिंत पाडताना होता तोच माणूस. तेच डोळे. लोकांनी पिळलेला माणूस घरी येऊन कुणाला तरी पिळतो, हे मी पुस्तकांत वाचलं होतं. पुस्तकात लागत नाही.

मायने त्याचा सदरा मागून ओढला.

"मारी लिधं का?" ती म्हणाली. "बस आते."

तो बसला. रडला. मी त्याला पाणी दिलं नाही.

मायने मला 'बरोबर केलंस' म्हटलं नाही. आजपर्यंत म्हटलेलं नाही. थंडी पडली की तिच्या हाडात कळ येते. ती दात दाबून धरते आणि मला ऐकू येतं. शाळेमागच्या त्या जागेवर आज घर उभं असतं. दार, खिडकी, चार भिंती. माय आत निजली असती. ती बाहेर आहे ती माझ्या एका 'नाही'मुळे, आणि हे ओझं नानांवर टाकून मी मोकळी होत नाही. ते माझं आहे.

पण ते घर म्हणजे सुमनअक्काच्या दारात उभा राहणारा जेसीबी होता. आमच्या एका छपरासाठी एकोणीस छपरं. आणि उरलेल्यांना दाखवायला आम्ही: बघा, नीट वागलं की मिळतं.

बोर्डावर पुन्हा नोटीस लागली आहे. तोच विषय, तीच जागा. मी जाणार आहे. सुमनअक्का येते आहे, माय येते आहे. बापाचं मला माहीत नाही. ठराव आमच्यासमोर लिहिला जाईल, मोठ्याने वाचला जाईल, त्यानंतरच सह्या होतील. तोवर आमच्यातलं कुणी पेन उचलणार नाही. मी गावठाण विस्तार मागणार, नाल्याकडचा, आमच्या वीसच्या वीस घरांखालचा. दिला नाही तर पुढच्या सभेत मागेन. केस पुन्हा धरले जातील. यावेळी मी केस कापून जाणार आहे.

आणि जेसीबी आणायचा असेल तर आणा. मी बाहेर उभी राहून हात जोडणार नाही. मी आत असेन.